सर्वानुमते नॉर्मल

“तुमचं हृदय उत्तम आहे. तुम्हाला जे होतंय त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मला राग आला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आजारपणाच्या लेखांत निदान ऐकून माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात. मी टाकला नाही. तीन महिने छातीत कळ येतेय, बोटं बधिर होतायत, आता संपलोच असं वाटतंय, आणि या सायकियाट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, रिपोर्टांची फाईल चाळून आणि अर्धा तास प्रश्न विचारून म्हणतात, हृदय उत्तम. मी मनातल्या मनात बायपासची तयारी करून बसलो होतो. बायपास झालेल्या माणसाला मान असतो. लोक शहाळी घेऊन भेटायला येतात. पॅनिकवाल्याकडे कोण काय घेऊन येणार?

पॅनिक डिसऑर्डर म्हणजे काय ते त्यांनी समजावलं, तसंच सांगतो. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, घाम फुटतो. दहाएक मिनिटांत सगळं टोकाला जातं आणि साधारण अर्ध्या तासात उतरतं. त्याने जीव जात नाही. पण पुन्हा कधी वाजेल या धास्तीने माणूस घराबाहेर पडेनासा होतो, एकटा राहीनासा होतो, आणि खरा आजार तोच असतो.

मी परब. वय चौपन्न. विरार पूर्वेला फुलपाड्यात लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत राहतो, वालीवच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. घरी बायको शुभांगी आणि पंचवीस वर्षांची मुलगी मृणाल. याखेरीज अकरा वर्षं मी आमच्या सोसायटीचा मानद सचिव होतो. मानद म्हणजे शिव्या खायच्या आणि त्याही फुकट. इमारतीत मला परब म्हणून कोणी हाक मारत नाही. सेक्रेटरी म्हणतात.

पहिला झटका आला तो रविवारी सकाळी. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं, टँकर सांगून ठेवला होता. टँकरवाल्या पास्कलचा फोन आला, “सेक्रेटरी, आज पानी नाय मिलनार. पंप जललाय.” मी गच्चीवरच्या टाकीत किती शिल्लक आहे ते बघायला निघालो. तिसऱ्या मजल्यावर दोघी शेजारणी रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या होत्या. एक म्हणाली, “काय सेक्रेटरी, आज आंघोळ की नाही?” एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि छातीवर कोणी पोतं ठेवावं तसं झालं. मी जिन्यातच बसलो.

रिक्षातून हॉस्पिटलमध्ये नेलं. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. ट्रोपोनिन केलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर या रक्ततपासणीत कळतं. टूडी इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एक दिवस देखरेखीखाली ठेवलं. सोमवारी दुपारी तिथले डॉक्टर म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे. गॅस असेल. टेन्शन घेऊ नका.”

फोन हातात आला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर तिघांनी लिहिलं होतं, लवकर बरे व्हा, सेक्रेटरी. चौथ्याने लिहिलं होतं, लवकर बरे व्हा, सेक्रेटरी, टँकरचं काय झालं?

मी कॉटवर पडल्या पडल्या पास्कलला फोन लावला.

पुढचा झटका स्कूटरवर आला, त्यापुढचा न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना. दर वेळी रिक्षा, कॅज्युअल्टी, ईसीजी. टीएमटी झाली, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाची घेतलेली परीक्षा. तीही नॉर्मल. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर तिसऱ्या वेळी म्हणाला, “काका, परत?” तो ‘परत’ मी अजून विसरलो नाही. मला काय हौस होती का?

नॉर्मल या शब्दाची मला तेव्हा चीड बसली. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस ढोंगी, असा सगळ्यांनी अर्थ घेतला. मेहुण्याने हिंगाचं पाणी सांगितलं. शुभांगीने मीठ-मोहरी ओवाळून टाकली, मी मुकाट बसलो. चौथ्या मजल्यावरच्या नाईकांनी जिन्यात गाठून अर्धा तास व्याख्यान दिलं, “टेन्शन घ्यायचंच नाही हो सेक्रेटरी, माझ्याकडे बघा.” टेन्शन काय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, की मी पिशवी घेऊन आणायला जातोय?

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. छातीत पहिल्यांदा दुखलं तर तपासून घ्या. घरबसल्या पॅनिक आहे असं ठरवू नका. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. चिडचिड झाली तरी त्या तपासण्या करायलाच हव्या होत्या.

शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली, सायकियाट्रिस्टना भेटा म्हणून. मी ती चिठ्ठी तीन आठवडे पाकिटात ठेवली. मग गेलो तोही विरारमध्ये नाही, वसईला, म्हणजे ओळखीचं कोणी दिसायला नको. वेटिंग रूममध्ये शिरलो तर कोपऱ्यातल्या खुर्चीत नाईक.

दोघंही दचकलो.

“इकडे कुठे?” त्यांनी विचारलं.

“दाताचं काम,” मी म्हणालो. शेजारच्या गाळ्यात दातांचा दवाखाना होता. “तुम्ही?”

“माझंही दाताचंच.”

मग दाताचं काम असलेले आम्ही दोघं मनोविकाराच्या दवाखान्यात पाऊण तास शेजारी शेजारी बसलो. क्रिकेटवर बोललो. त्यांचा नंबर पुकारला तेव्हा ते उठून आत गेले आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

डॉक्टरबाईंनी निदान केलं, ते वर आलंच आहे. गोळी लिहून दिली, एसएसआरआय गटातली. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाचं काम ती सुधारते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे त्यांनी सांगितलं होतं. पहिले दहा दिवस मळमळ, तोंड कोरडं, उलट धडधड वाढलेली. तिसऱ्या आठवड्यात जरा बरं वाटलं, तशी मी गोळी आपल्या मनानेच बंद केली. चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं. परत वसई. बाई चिडल्या. “औषध कधी थांबवायचं ते मी ठरवेन. हळूहळू कमी करतात ते, नळ बंद केल्यासारखं नाही.” मी मान खाली घातली. तुम्ही हे करू नका.

आणि घरात? घरात मी फर्मान काढलं. या आजाराचं नाव उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. कोणी विचारलं तर बीपी सांगायचं. आणि मला एकट्याला ठेवायचं नाही. शुभांगीचं मंगळवारचं भजन बंद झालं. मृणाल घरून काम करायला लागली. मी संडासात गेलो तरी दाराला कडी लावत नसे. लिहायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

त्याच सुमारास मृणालला पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं. तिच्या मनासारखी नोकरी होती. दोन वर्षं ती त्यासाठी धडपडत होती. महिन्याच्या आत हो-नाही कळवायचं होतं.

डॉक्टरबाईंनी गोळीबरोबर समुपदेशनाला पाठवलं, म्हणजे बोलून करायचे उपचार. समुपदेशक लीना मॅडम वसईजवळच्या निर्मळ गावच्या, वयाने माझ्याहून दहा वर्षं लहान. पहिल्या दोन भेटींत त्यांनी श्वास शिकवला. श्वास मला येत होता, तरी शिकलो. मग म्हणाल्या, घरात जे घडतं ते रोज थोडं लिहून आणा.

मला लिहिण्याची एकच पद्धत येते. अकरा वर्षं इतिवृत्तं लिहिलीत, म्हणजे सभेचा वृत्तांत. तसंच लिहून नेलं. लीना मॅडमनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

“घरगुती बैठक. उपस्थिती तीन. विषय पहिला, कु. मृणाल हिची पुण्याची नोकरी. श्री. परब यांची प्रकृती लक्षात घेता सदर नोकरी न स्वीकारण्याचे सर्वानुमते ठरले.”

त्या हसल्या नाहीत. विचारलं, “ठराव मांडला कोणी?”

“मी.”

“मृणाल काय म्हणाली?”

मी आठवून पाहिलं. मृणाल काहीच म्हणाली नव्हती. उठून कप विसळायला गेली होती.

“गप्प बसली म्हणजे संमतीच,” मी म्हणालो. “सोसायटीत असंच असतं. कोणी बोललं नाही की सर्वानुमते.”

आणि हे खोटं नव्हतं. आमच्या वार्षिक सभेत माणसं बटाटेवडा खातात, मोबाईल बघतात. सचिव विषय वाचतो, दोन सेकंद थांबतो आणि लिहितो, सर्वानुमते मंजूर. खरं सांगायचं तर मी ते आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. फक्त तारीख सभेत घालायची.

लीना मॅडम म्हणाल्या, “आणि परब, अकरा वर्षं सचिव राहायचं, हे कोणी ठरवलं?”

“सर्वानुमते,” मी म्हणालो.

“त्या सर्वांत तुम्ही होता का?”

माझं डोकंच फिरलं. मी छातीचा इलाज करायला आलो होतो आणि ही बाई माझी तपासणी लावत होती. म्हटलं, तुम्हाला सोसायट्या चालवून माहीत नाहीत. उठलो, निघून आलो. पुढच्या दोन भेटींना गेलो नाही. शुभांगीला सांगितलं, तिथे नुसत्या गप्पा मारतात.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारखान्यात माल मोजतानाही तेच. शिवाय मृणालच्या पत्राची मुदत शुक्रवारी संपत होती. तिने नकार कळवला का, हे मी विचारलं नव्हतं. विचारायला भीती वाटत होती हे मला तेव्हा कळलं नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलं, असंच मी स्वतःला सांगत होतो.

बुधवारी संध्याकाळी चहा झाल्यावर मी दोघींना बसवलं. म्हटलं, “मृणाल, पुण्याचं तुला काय वाटतं?”

“ठरलंय ना,” ती म्हणाली.

“मी विचारतोय.”

“बाबा, तुम्ही विचारत नाही. तुम्ही आधी लिहून ठेवता आणि मग विचारता.” ती शांतपणे बोलत होती, ते जास्त लागलं. “मला जायचंय. पहिल्या दिवसापासून जायचंय. मी अजून नाही म्हणून कळवलेलं नाही. रोज मेल उघडते आणि बंद करते.”

मी शुभांगीकडे पाहिलं. ती माझी बाजू घेईल असं वाटलं होतं.

“माझ्याकडे काय बघताय?” ती म्हणाली. “माझं भजन बंद केलंत तेव्हा मला विचारलंत? मी जेवणातलं तिखट बंद केलं, बाहेरचं जाणं बंद केलं, माहेरच्यांना बीपी बीपी सांगून थकले. तुमच्या आजाराचा मला राग नाही हो. पण मी काय तुमची नर्स आहे, की बायको?”

आणि मला झटका आला. तिथेच, त्याच क्षणी. कान गरम, छाती आवळलेली, बोटांना मुंग्या. एरवी असं झालं की घरातलं सगळं थांबायचं. एक पंखा लावायची, एक पाणी आणायची, भांडण असेल ते विरघळून जायचं. मला वाटलं, आता हे बोलणं संपलं. खरं सांगतो, त्या धडधडीतसुद्धा मला त्याचं बरं वाटलं.

मृणाल उठली नाही. शुभांगी उठायला लागली तर तिने तिचा हात धरला.

“बाबा, येऊ द्या,” ती म्हणाली. “आम्ही बसलोय इथे. उतरला की पुढे बोलू.”

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल. वाटलं, मी मरतोय आणि ही पोरगी घड्याळ बघतेय. मी खुर्चीचे हात धरून बसलो, शिकवलेला श्वास घेतला, तो धड जमला नाही. पंचवीस मिनिटं गेली. घाम वाळला. दोघी तशाच समोर बसल्या होत्या. शुभांगीच्या डोळ्यांत पाणी होतं.

“झालं?” मृणालने विचारलं.

“झालं.”

“मग मी शुक्रवारी हो कळवते.”

मी म्हणालो, “माझा विरोध आहे.”

“असू दे,” शुभांगी म्हणाली. “दोन विरुद्ध एक.”

मी लीना मॅडमकडे परत गेलो. दोन खाडे केल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पुढे त्यांनी मला एकटं राहायला शिकवलं. पहिल्यांदा दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग बाजारात जाऊन येईपर्यंत. चौपन्नाव्या वर्षी घरात एकटं बसायचा सराव. हसायचं असेल तर हसा, पण उपाय हाच आहे. जे टाळतो तेच थोडं थोडं करायचं. गोळ्यांनी पाया घातला, बाकीचं या कंटाळवाण्या सरावाने झालं.

वार्षिक सभा आली. सचिवाच्या निवडीचा विषय मीच वाचला. नेहमीप्रमाणे मागून आवाज आला, “आहेत तेच सेक्रेटरी बरे. सर्वानुमते.” माना हलल्या. वडे आले.

“माझा विरोध आहे,” मी म्हणालो.

लोकांना वाटलं विनोद केला. मी पुन्हा म्हणालो. इतिवृत्ताचं रजिस्टर माझ्याच मांडीवर होतं, तेव्हा मलाच ते लिहून घ्यावं लागलं. कोणी तरी म्हणालं, अहो असं कसं, टँकरचं कोण बघणार? तेवढ्यात नाईक उभे राहिले. म्हणाले, “माझाही विरोध आहे. माणसाला नुसता दात दुखला तरी रजा मिळते. सोडा त्यांना.” इतर कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने कुरकुरत तीन महिन्यांसाठी काम घेतलं. नंतर नाईकांबरोबर मी कोपऱ्यावर चहा घेतला आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं गोळ्यांची नावं घेऊन बोललो. ते सहा वर्षं घेतायत. जिन्यातल्या त्या व्याख्यानाबद्दल त्यांनी माफी मागितली. म्हणाले, दुसऱ्याला सांगताना आपलंच आपल्याला जरा खरं वाटतं.

मी बरा झालो का? लोक विचारतात. महिन्यातून एखादा झटका येतो. गोळी चालू आहे. चिडका मी आधीही होतो, आताही आहे. फरक एवढाच की काय झालंय ते मला सांगता येतं. डॉक्टरबाईंचे, लीना मॅडमचे आणि नाईकांचे उपकार आहेत. पण सगळ्यांत जास्त शिकवलं ते मृणालने, आणि ते मला ती पुण्याला गेल्यावर कळलं.

तिला जाऊन महिना झाला होता. मंगळवार होता. शुभांगी भजनाला गेली आणि पाच-दहा मिनिटांत मला झटका आला. घरात मी एकटा. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. स्वयंपाकघरात फरशीवर ओट्याला टेकून बसून राहिलो. आला तसा गेला. कपडे बदलले, चहा ठेवला, तेवढ्यात मृणालचा फोन.

“कसे आहात?”

एकदम मस्त, असं तोंडावर आलं होतं. म्हटलं, “आत्ताच येऊन गेला. आई नव्हती. खूप घाबरलो होतो.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“बाबा,” ती म्हणाली, “मलाही येतात.”

“काय?”

“झटके. वर्ष झालं. इथे एका डॉक्टरांकडे जायला लागलेय.”

“मग बोलली नाहीस?”

“तुमचं चालू होतं ना. आपल्या घरात एका वेळी एकालाच आजारी पडता येतं.”

श्वास असा घे, गोळी बंद करू नकोस, मी उद्याच येतो, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. ठराव मांडायची सवय जात नाही. मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसलो.

“कसं व्हायचं तुला?” मी विचारलं.

“बाथरूममध्ये जाऊन बसायचे. नळ पूर्ण सोडून ठेवायचे, म्हणजे तुम्हाला आवाज जाणार नाही. तुम्ही बाहेरून दार वाजवायचात. पाणी वाया घालवू नकोस, म्हणून ओरडायचात.”

मला आठवत होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा ओरडलो होतो.

“पुढे सांग,” मी म्हणालो.

ती सांगत गेली. शुभांगी सातला घरी आली तेव्हा मृणाल अजून बोलत होती आणि मी ऐकत होतो.